मिरजेइतकं दूर, पण सरळ वर

पहाटेचे पाच वाजलेत. तारीख 12 एप्रिल 2016, वार मंगळवार. तुम्ही लातूरच्या रेल्वे स्टेशनाबाहेर उभे आहात आणि तुमच्या हातात रिकामी घागर आहे. आसपास पाहा, प्रत्येकाकडे काहीतरी रिकामं आहेच. कळशी, जार, गोडेतेलाचा डबा, रंगाची बादली. या उन्हाळ्यात इथं भांडं घेतल्याशिवाय घराबाहेर पडवत नाही. टँकर कुठल्या वळणावर दिसेल, सांगता येत नाही.

"काय वो, खरंच आली का?" मागून एक आजी विचारतात.

"आली म्हणायलेत. मिरजेहून."

"मिरजेहून पाणी?" आजी पदर तोंडाला लावतात. "आन् मांजरा?"

मांजरा नदी कोरडी आहे. धनेगावच्या धरणावर हे शहर जगतं आणि धरणाच्या तळाला भेगा पडल्यात. मार्च महिन्यातच पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. लातूर पॅटर्नच्या नावावर शिकवण्यांना आलेली कितीतरी पोरं गाठोडी बांधून गावाकडे परतली. बोअरची गाडी रात्रभर घरघरते आणि सकाळी अंगणभर पांढरा फुफाटा पसरलेला असतो. पाण्याचा थेंब नाही.

रुळांवर दहा वाघिणी उभ्या आहेत. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुऊन घेतलेल्या, कृष्णेचं पाणी भरलेल्या. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास धावून आलेल्या या गाडीचं नाव 'जलदूत'. प्रत्येक वाघिणीत सुमारे 50 हजार लिटर, म्हणजे सगळं मिळून 5 लाख. ऐकायला मोठं वाटतं. आता शहराची लोकसंख्या घ्या. 2011च्या जनगणनेत ती 3 लाख 82 हजार होती. भागाकार केला की माणशी सव्वा लिटरच्या थोडं वर येतं. पिणं, रांधणं, आंघोळ, लेकराचं दुपटं धुणं, सगळं त्यातच.

हा सव्वा लिटर लक्षात ठेवा. घागर काखेला घ्या. आपल्याला लांब जायचंय. मी तुम्हाला विचारणार आहे, माणूस समुद्राखाली किंवा अवकाशात राहू शकेल का? या प्रश्नाची सुरुवात करायला लातूर स्टेशनाइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

कानात दडे बसलेत. गिळा, म्हणजे मोकळे होतील. वर्ष 1963, तांबडा समुद्र, सुदानच्या किनाऱ्याजवळची शाब रूमी नावाची प्रवाळांची रांग. तुम्ही पाण्याखाली दहा मीटरवर आहात. समोर तारामाशाच्या आकाराचं पोलादी घर आहे. घराच्या तळाला एक भोक आहे, तेच दार. दाराला झडप नाही, तरी पाणी आत शिरत नाही.

कसं, ते तुमच्या हातातली घागर सांगेल. लहानपणी विहिरीत उपडी घागर दाबून पाहिली असेल. हात थरथरतात, घागर वर उसळू पाहते, पण आतली हवा आतच राहते. हे घर म्हणजे तशीच उपडी घागर. फरक खोलीचा. इथं दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट आहे. वरून उपडी आणलेल्या घागरीतली हवा इथवर येईपर्यंत दबून निम्मी झाली आणि उरलेल्या निम्म्या भागात पाणी चढलं. म्हणून या घरात वरच्या जहाजावरून नळीनं सतत दाबाखालची हवा सोडावी लागते. जॅक-ईव्ह कुस्तो या फ्रेंच दर्यावर्दीनं हे घर उभं केलं आणि त्याची पाच माणसं इथं महिनाभर राहिली. सोबत एक पोपट होता. त्याहून खोल, पंचवीस मीटरच्या पुढे, एका छोट्या कोठडीत दोघं आठवडाभर होते. त्यांच्या श्वासाच्या हवेत हेलियम मिसळला होता, त्यामुळे बोलताना आवाज चिरका यायचा.

आत या. माणसं हसतायत, जेवतायत, खिडकीबाहेर मासे पाहतायत. त्यांना मनात आलं म्हणून झटकन वर जाता येत नाही. दाबाखाली रक्तात विरघळलेला वायू एकदम वर आल्यावर बुडबुड्यांसारखा बाहेर येतो आणि माणूस लुळा पडतो, मरतोही. वर चढायचं तर टप्प्याटप्प्यानं, थांबत थांबत. आणि अन्न, वीज, गोडं पाणी, हवा, सगळं जहाजावरून येतं. चहूकडे पाणी आणि हवा मात्र नळीनं. लातूरला तुम्ही याच्या उलट पाहून आलात. तिथं हवा चहूकडे होती आणि पाणी रेल्वेनं येत होतं. नळी कापली तर या घरात माणूस काही तासांचा सोबती. गाडी थांबली असती तर लातूरनं थोडे दिवस जास्त काढले असते, एवढंच.

मराठीत राहण्याला तीन शब्द आहेत आणि मला ते फार नेमके वाटतात. मुक्काम, वस्ती आणि नांदणं. मुक्कामाला माणूस शिदोरी घेऊन जातो. वस्तीला चूल लागते. नांदायला मात्र विहीर लागते, शेजार लागतो, पाळणा लागतो. कुस्तोच्या माणसांनी समुद्राच्या तळाशी मुक्काम केला. तो मोठा पराक्रम होता. पण मुक्कामच.

आता तीस वर्षं पुढे. रविवार, 26 सप्टेंबर 1993. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ओरॅकल गावाजवळ सकाळ झालीय आणि एका प्रचंड काचघराचं दार उघडतंय. दोन वर्षांपूर्वी याच तारखेला चार पुरुष आणि चार स्त्रिया आत गेल्या होत्या आणि दार बंद झालं होतं. याला 'बायोस्फिअर 2' म्हणतात. क्रमांक एक म्हणजे आपली पृथ्वी. तीन एकरांच्या आसपास जागेत छोटं जंगल, छोटा समुद्र, वाफे, शेळ्या, कोंबड्या. दुसऱ्या ग्रहावर नांदायचं तर काय लागेल, त्याची ही रंगीत तालीम.

बाहेर येणाऱ्या आठ जणांकडे नीट पाहा. वाळलेत. रताळी इतकी खाल्लीत की कातडीवर केशरी झाक आलेली. आतली हवा दगा देत गेली. 21 टक्क्यांच्या जवळ असलेला प्राणवायू सोळा महिन्यांत चौदा टक्क्यांच्या आसपास उतरला. जिना चढताना धाप लागायची, वाक्य पूर्ण करताना थांबावं लागायचं. शेवटी 1993च्या जानेवारीत बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. इथंही जलदूत आलाच.

प्राणवायू गेला कुठं? दोषी निघाले दोघं. शेताला भरपूर सेंद्रिय माती घातली होती, तिच्यातले जिवाणू प्राणवायू खात होते आणि कार्बन डायऑक्साइड सोडत होते. तो झाडांना मिळाला असता तर त्यांनी प्राणवायू परत केला असता. पण नवं काँक्रीट तो वायू शोषून घेत होतं. जगातली हुशार माणसं, अमाप पैसा, आणि हिशोब चुकला तो माती आणि भिंत यांच्यापाशी.

माती आणि भिंत. घागर उचला. आता तुम्हाला जिथं नेतोय तिथं जाणं मलाही सोपं नाही.

चार दिवसांनंतर. 30 सप्टेंबर 1993, लातूर जिल्ह्यातलं किल्लारी. काल अनंत चतुर्दशी होती. गुलाल अजून कपाळावर आहे, ढोल कोपऱ्यात पडलेत, विसर्जनाच्या मिरवणुकीतून दमून आलेलं गाव गाढ झोपलंय. चार वाजायला चार मिनिटं आहेत. तुम्ही गल्लीत उभे आहात. हात भिंतीला लावून पाहा. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, मातीत बसवलेले गोल गोटे. वर माळवद, लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, दर पावसाळ्याआधी नवी माती घालून वाढत गेलेला. हे घर मराठवाड्याच्या उन्हावरचं उत्तर आहे. बाहेर बेचाळीस अंश असताना आत घोंगडी टाकून दुपारची झोप लागते. पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण या भिंतीत आहे.

जमीन हलते. काही सेकंदच.

तेवढ्यात ते सगळं शहाणपण माणसांच्या अंगावर येतं. गोटे सुटतात, माळवदाची माती खाली कोसळते. सहा रिश्टरच्या वरचा धक्का. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं त्या ढिगाऱ्यांखाली राहिली. गावकुसाबाहेर कुडाच्या छपरात, तट्ट्यांच्या भिंतीत राहणारी कितीतरी गरीब कुटुंबं मात्र वाचली, कारण त्यांच्या डोक्यावर वजनच नव्हतं.

मी इथं अंदाज बांधायला आलेलो नाही. पण मंगळावरच्या घरांची चित्रं पाहिली की मला दर वेळी किल्लारीची भिंत आठवते. माणूस घर बांधतो ते त्याला माहीत असलेल्या संकटाविरुद्ध. उन्हाविरुद्ध बांधलेली भिंत धरणीकंपात वैरीण झाली. काचघर बाहेरच्या जगाविरुद्ध बांधलं आणि आतल्या मातीनं श्वास ओढून घेतला.

किल्लारीतच थोडे दिवस थांबा. पत्र्याची शेडं उभी राहतायत. दिवसा तव्यासारखी तापतात, रात्री थंडी वाजते. याच काळात, जानेवारी 1994मध्ये, वालेरी पोल्याकोव्ह नावाचा रशियन डॉक्टर 'मीर' अवकाशस्थानकात राहायला गेला आणि सलग 437 दिवसांनी खाली आला. एका दमात अवकाशात इतकं अजून कुणी राहिलेलं नाही. तो पृथ्वीबाहेर पत्र्याच्या डब्यात, हे पृथ्वीवर पत्र्याच्या शेडात. दोघांनाही रसद बाहेरून.

मग बावन्न गावं नव्या जागी वसली. भूकंपाला टिकतील अशी घरं, सरळ रेषेतले रुंद रस्ते, नकाशावर देखणी. आणि लोक अवघडले. जुन्या गावात दारातून हाक मारली की शेजारीण डोकवायची. नव्या गावात हाक पोचेना. भावकी पांगली. पार नाही, ओटा नाही, बैलाला दावण नाही. मग माणसांनी नकाशा मोडायला घेतला. कुणी पत्रा टाकून गोठा केला, कुणी दारापुढं ओटा रचला, कुणी कडुनिंब लावला. जीव वाचवणारं घर अभियंता देऊ शकतो आणि तो उपकार थोर आहे. पण ते गाव व्हायला त्यापुढे वर्षं लागली. दुसऱ्या ग्रहावर वसाहत काढणाऱ्यांनी आधी इथं येऊन, या ओट्यांवर बसून, माणसांशी बोलावं असं मला मनापासून वाटतं.

याच किल्लारीच्या पायाखाली क्षणभर उतरू. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी इथं 617 मीटर खोल छिद्र घेतलं. पहिले 338 मीटर निव्वळ काळा पाषाण, थरावर थर साचलेला लाव्हा. त्याखाली आठ मीटर गाळाची माती, म्हणजे लाव्हा येण्याआधीची इथली जमीन. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्या मातीवर तुम्ही उभे राहिलात तर घागर वितळेल. तेव्हा लातूर-नांदेड हाच माणसाला न राहता येण्याजोगा परका ग्रह होता. तो लाव्हा थिजून झालेल्या या दगडात पाणी साठायला जागा फार थोडी, भेगांत आणि वरच्या मुरमात तेवढी. पहाटे लातूरच्या बोअरमधून निघालेला फुफाटा या पाषाणाचाच.

आता वर. जुलै 2025. लातूरहून मिरज जितकी दूर, त्याहून थोडंच पुढे, पण सरळ वर, सुमारे 400 किलोमीटरवर, आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक फिरतंय. रेल्वेला एक दिवस लागावा एवढंच हे अंतर. घागर सोडून द्या, ती तरंगेल. इथं ओतणं नाही, सांडणं नाही. पाणी गोळा होऊन हवेत लोंबकळतं. शुभांशू शुक्ला इथं राहतायत, राकेश शर्मांनंतर अवकाशात गेलेले दुसरे भारतीय आणि या स्थानकावर राहणारे पहिले. त्यांनी सोबत आमरस आणलाय, गाजराचा हलवा आणि मूगडाळीचा हलवाही. एका तबकडीत त्यांनी मेथी आणि मूग भिजवलेत. जवळ जा, बघा. मोड आलेत. आपल्या घरी फडक्यात बांधून ठेवलेल्या मुगाला येतात, तसेच पांढरे.

आता लातूरचा सव्वा लिटर आठवा. इथं माणशी रोज जेमतेम चार लिटर पाणी लागतं, पिणं, जेवण, अंग पुसणं मिळून. पहिल्या जलदूतानं लातूरकराच्या वाट्याला त्याच्या एक तृतीयांश आणलं होतं. पुढे गाडी पन्नास वाघिणींची, 25 लाख लिटरची झाली, तेव्हा वाटा साडेसहा लिटरवर गेला.

पण इथलं पाणी रोज खालून येत नाही. माणसांचा घाम, उच्छ्वासातली वाफ, लघवी, सगळं यंत्रात जातं आणि पिण्याजोगं होऊन परत येतं. 2023मध्ये हे प्रमाण 98 टक्क्यांवर पोचलं. म्हणजे आजचा घोट उद्याचाही घोट आहे. किळस वाटली? नदीनं हेच काम केलं की आपण तिला तीर्थ म्हणतो.

एक हिशोब करू या. पन्नास वाघिणींची गाडी. वापरलेल्या पाण्यातलं 98 टक्के परत मिळालं तर तूट दोन टक्क्यांची, म्हणजे 50 हजार लिटर. नेमकी एक वाघीण. रोज पन्नासऐवजी एक. स्थानकातली माणसं मोजकी, यंत्र अतोनात महाग, आणि ते उचलून शहराला जोडता येत नाही, हे मला कळतं. पण शहराला पुरवलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन गटारीला लागतं, असं आपलेच अभियंते धरून चालतात. ते आपण पाणी म्हणून मोजतच नाही.

तरी हाही मुक्कामच आहे. वजन नसल्यामुळे मांडीची, कमरेची हाडं महिन्याला टक्का-दीड टक्का झिजतात, म्हणून रोज दोन तास व्यायाम. मालवाहू यानं खालून येत राहतात. आजवर अवकाशात एकही मूल जन्मलेलं नाही. मंगळाची गोष्ट याहून अवघड. तिथं जायला सहा ते नऊ महिने लागतात आणि वाटेला लागण्याचा योग साधारण 26 महिन्यांनी एकदा येतो. मिरजेची गाडी एका दिवसात आली होती.

15 जुलैला शुक्ला परतले. तुम्हीही उतरा, पण महिनाभर पुढे. 17 ऑगस्ट 2025ची रात्र, नांदेड जिल्ह्यातला मुखेड तालुका. ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळतोय. लेंडी धरणाच्या परिसरात पाणी चढतंय. हसनाळ, रावणगाव, भासवाडी. अंधारात दार उघडावं तर कमरेइतकं पाणी घरात. माणसं पत्र्यावर चढतात, लेकरं खांद्यावर. सकाळी बचाव पथकं आणि लष्कराचे जवान येतात तोवर हसनाळात माणसं गेलेली असतात, दावणीला बांधलेली जनावरं जागच्या जागी. तुमची घागर एका उंबऱ्यावरून तरंगत निघून जाते.

नऊ वर्षांपूर्वी सव्वा लिटर. आज घर पाण्याखाली. दोन्ही गावांमधलं अंतर एसटीनं काही तासांचं. समुद्राखाली राहता येईल का, हा प्रश्न हसनाळच्या उंबऱ्यावर उभं राहून विचारायची माझी हिंमत होत नाही.

माझं मत सांगतो. माणूस अवकाशात आणि समुद्राखाली जाईल, मुक्काम करील, कदाचित वस्तीही करील, आणि त्यानं ती करावी, कारण तिथं गेल्यावर त्याला प्रत्येक थेंबाचा हिशोब ठेवावाच लागतो. नांदण्याला मात्र मला ही काळ्या पाषाणावरची जमीन सोडून दुसरी जागा दिसत नाही.

शेवटचा टप्पा जवळचाच आहे. नांदेडहून लातूरकडे जाताना लोह्याहून कंधारला वळा. हजार वर्षांहून अधिक मागे, राष्ट्रकूटांच्या काळात. मन्याडच्या खोऱ्यात माणसं दगड रचून बांध घालतायत. पावसाचं जे पाणी धो धो येऊन निघून जातं ते अडवायचं आणि कोरड्या महिन्यांना पुरवायचं. समुद्र इथून शेकडो कोस दूर, आणि कोरीव लेखात या तलावाचं नाव आलंय 'जगत्तुंग समुद्र'.

तो तलाव आजही आहे. या वाटेनं जाल तेव्हा तासभर हातात ठेवा, बांधावर उतरा, आणि बरोबर एखादं लेकरू असेल तर त्याला तिथं एक उपडी घागर पाण्यात दाबून दाखवा.